खिळे घासणारे हात

वसंतऋतूतल्या या ज्ञानसत्रात आपण राजांच्या मोहिमा ऐकतो, संतांची चरित्रे ऐकतो, घटनेतील कलमांचा खल ऐकतो. त्या मानाने आजचा विषय घरगुती आहे. परीक्षांचे निकाल लागतात ते याच सुमारास, आणि मग घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘आता पुढे काय?’ पोटाला मिळवून देणारे काम माणूस शिकतो कसे, मिळालेली नोकरी टिकवितो कशी आणि तिच्यातून स्वतःचा असा व्यवसाय घडवितो कसा, हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहावा असे मनात आहे. इतिहास म्हणजे गादीवर कोण बसला एवढेच नव्हे. त्या गादीचा कापूस कोणी पिंजला, हेही इतिहासातच येते.

आपल्या भाषेची एक खोच पाहा. आपण म्हणतो, नोकरी ‘लागली’. झाडाला आंबा लागावा तशी ती लागते. तिच्यात आपल्या कर्तृत्वाचा उल्लेखच नाही. कसबाविषयी मात्र आपण तसे बोलत नाही. कसब लागत नाही. ते हाती बसते, अंगी बाणते. त्याला दिवस द्यावे लागतात. लागलेली नोकरी आणि हाती बसलेले कसब या दोहोंची सांगड कशी पडते, याचा शोध घ्यावयाचा तर एखादा व्यवसाय मुळापासून पाहावयास हवा. त्यासाठी मी मुंबईच्या मराठी छापखान्याचा व्यवसाय निवडला आहे. तो आपल्याकडे नव्याने आला, आपल्या डोळ्यांदेखत वाढला आणि त्याचे जुने रूप आपल्या डोळ्यांदेखतच मावळले. उगवती आणि मावळती दोन्ही पाहता येतील असे व्यवसाय थोडे.

आरंभ मुंबईत नाही, मिरजेत आहे. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत नाना फडणीसांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरवून गीता छापविण्याचे मनात आणले होते, अशी हकीकत आहे. नाना १८०० साली वारले आणि तो बेत राहिला. पुढे मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाखाली १८०५ साली गीता छापली गेली. तांब्यावर भांडी घडविणारा हात अक्षरे कोरू लागला, ही केवढी मोठी झेप! पण त्या झेपेचे पुढे काय झाले? काहीही झाले नाही. कोरलेल्या पत्र्यावरून तेच पान पुन्हा निघे, दुसरे पान हवे तर दुसरा पत्रा कोरावा लागे. कारागिराचे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे आश्रयदाता. हाताखाली शिष्य नाहीत, बाजारात मागणी नाही, जोडीला दुसरा धंदा नाही. कसब उत्तम असूनही ते एकाकी राहिले.

त्याच सुमारास बंगालमध्ये काय घडले ते शेजारी ठेवून पाहा. पंचानन कर्मकार हा लोहारकाम करणाऱ्या घराण्यातला माणूस. १७७८ साली बंगाली व्याकरण छापावयाचे ठरले तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने बंगाली अक्षरांचे ठसे घडविले. पुढे तो श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला आणि त्याने आपली विद्या आपल्या जावयाला, मनोहरला, दिली. त्या श्रीरामपुरातून विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली बाहेर पडला. मिरजेचा तांबट आणि श्रीरामपूरचा लोहार यांच्या बुद्धीत फरक होता असे म्हणण्याला आधार नाही. फरक होता तो त्यांच्या भोवतालात. एकाचे कसब एका ग्रंथाशी संपले. दुसऱ्याच्या कसबाला शाळा मिळाली, शिष्य मिळाला आणि रोजचे काम मिळाले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसाच्या हिमतीच्या गोष्टी सांगताना आपण भोवताल विसरतो.

आता मुंबईला येऊ. अमेरिकन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे छापखाना काढला. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. पण छापखान्याला हात लागतात, आणि हात स्थानिक असतात. तेथे काम पाहिलेल्या माणसांत गणपत कृष्णाजी नावाचे एक गृहस्थ होते, जातीने भंडारी. शिळाछापाची रीत पाहून त्यांच्या मनाने घेतले की हे आपणही करावे. गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथात त्यांची हकीकत नमूद केली आहे. लाकडाचे यंत्र जमविले, दगड पैदा केले, शाई घरी तयार करून पाहिली, आणि खटपटीअंती छाप उठू लागला. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापून काढले.

पंचांगच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मिशनने छापावी ती धर्मपुस्तके. ती फुकट वाटली तरी लोक बिचकत. गणपत कृष्णाजींनी हेरले ते वेगळेच. दर वर्षी पाडव्याला प्रत्येक घराला जी वस्तू लागते आणि जोशीबुवा जी हाताने लिहून काढतात ती वस्तू म्हणजे पंचांग. वर्ष संपले की जुने निरुपयोगी, नवे हवेच. शिवाय छापील पुस्तकाच्या शाईत चरबी असेल या शंकेने सोवळ्यातली माणसे त्याला हात लावीत नसत. म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगितले जाते. हे नुसते यंत्रज्ञान नव्हे. गिऱ्हाइकाच्या मनातली अडचण ओळखून तिच्यावर तोड काढणे हेही कसबच आहे. मिशनच्या छापखान्यात पाहिलेले काम त्यांनी जसेच्या तसे उचलले नाही. त्याला आपल्या समाजाच्या गरजेचा आकार दिला. पुढे त्यांनी खिळ्यांचा छापखानाही उभा केला, आणि त्यांच्या छापखान्यातील पोथ्या शास्त्रीमंडळींच्या घरी मानाने पोचल्या.

या व्यवसायातला मुख्य पुरुष मात्र यानंतर येतो. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा, घर गरिबीचे, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. शाळेची विद्या जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. पगार महिना दोन रुपये. काम कोणते? खिळे घासणे.

आज खिळा म्हटले की भिंतीत ठोकावयाचा खिळा डोळ्यांपुढे येतो, म्हणून थोडे समजावून सांगितले पाहिजे. छपाईचे एक अक्षर म्हणजे धातूचा एक खिळा. तो तयार व्हावयाचा असा. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. हा झाला ठसा. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे तेथे अक्षराची खोलगट आकृती उमटते. तिला मातृका म्हणतात. मातृका साच्यात बसवून शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस आत ओतला की खिळा पडतो. साच्यातून निघालेल्या त्या खिळ्याच्या अंगाला धातूची कोर चिकटलेली असते. ती दगडावर घासून काढली नाही तर खिळे शेजारी शेजारी सरळ बसत नाहीत आणि ओळ वाकडी पडते. हे घासण्याचे काम सर्वांत हलके, म्हणून ते पोरांकडे. इंग्रजी लिपीचे दीडएकशे खिळ्यांत भागते. आपल्या देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक शे प्रकारचे खिळे लागत. तेव्हा घासण्याला अंत नव्हता.

असे काम दोन प्रकारे करता येते. खाली मान घालून घासावे आणि महिनाअखेर दोन रुपये घेऊन जावे, हा एक प्रकार. त्यात लबाडी काही नाही. दुसरा प्रकार असा की खिळा घासता घासता तो पाहावा. हा ‘क’ पोटाशी तुटला तो कशाने? रस थंड पडला होता, की मातृका झिजली होती, की मूळ ठशातच खोट होती? खिळे घासणाऱ्याच्या हातून प्रत्येक अक्षर जाते. ओतणाऱ्याच्या आणि कोरणाऱ्याच्या चुका त्याच्या बोटांना लागतात. जावजींच्या मनात काय चालत असे ते त्यांनी लिहून ठेवलेले आपणांस माहीत नाही, पण पुढचा क्रम बोलका आहे. घासण्यावरून ते खिळे पाडण्याच्या कामावर गेले. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम हा देशी अक्षरांच्या ठशांचा मोठा जाणकार होता. त्याच्या नजरेखाली हे काम चाले. पुढे टाइम्स ऑफ इंडियाच्या व इंदुप्रकाशच्या छापखान्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या. प्रत्येक ठिकाणी पगार थोडा वाढला, आणि प्रत्येक ठिकाणी कामाची एक नवी पायरी त्यांनी पाहून घेतली. नोकरी बदलताना केवळ पगार मोजणारा आणि पगाराबरोबर शिकावयाचे काय तेही मोजणारा, या दोघांच्या वाटा दहा वर्षांनी कोठल्या कोठे जातात!

१८६४ साली, वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला. जोडीला राणोजी रावजी आरू होते. राणोजी ठसे कोरण्यात निष्णात. जावजींच्या यशाची गोष्ट सांगताना राणोजींचे नाव पुष्कळदा गाळले जाते, आणि त्यामुळे गोष्टच खोटी पडते. जावजींना ओतकाम कळत होते, व्यवहार कळत होता, चांगले अक्षर कोणते हे कळत होते. पण पोलादावर ते अक्षर उतरविणारा हात राणोजींचा होता. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते ज्याला येते त्याच्याशी सख्य करणे, ही स्वतंत्र विद्याच आहे. पाठ्यपुस्तकात ती शिकवीत नाहीत.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथला कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशाचा पूर लोटला, भागांचा सट्टा माजला, आणि १८६५ साली युद्ध संपताच सारे कोसळले. मोठमोठे शेठ भिकेला लागले. त्या वावटळीत एक लहानसा खिळ्यांचा कारखाना तगला, कारण त्याचा माल सट्ट्याचा नव्हता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले होते, सरकारी विद्याखात्याच्या शाळा वाढत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती. सर्वांना अक्षरे हवी होती. चार वर्षांनी, १८६९ साली, जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला. खिळे घासणारा मुलगा वीसेक वर्षांत छापखान्याचा धनी झाला.

पण धनी झाला एवढ्यावर थांबलो तर ही गोष्ट बाजारातल्या कोणत्याही भाग्यवंताची होईल. निर्णयसागरचे नाव राहिले ते त्याच्या मालकाच्या संपत्तीमुळे नव्हे, शुद्धतेमुळे. जावजी स्वतः पंडित नव्हते. म्हणूनच त्यांनी पंडित जवळ केले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक मुलांसाठी निघाले ते निर्णयसागरमधून. १८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी ती संपादिली, आणि पोथ्यांच्या गाठोड्यांत पडून असलेली संस्कृत काव्ये देशोदेशींच्या अभ्यासकांच्या टेबलावर पोचली. संस्कृत ग्रंथांत एखादा रफार उडाला तर अर्थाचा अनर्थ होतो. तेथे मुद्रिते तपासणारी डोळस माणसे पाहिजेत, आणि त्यांच्या दुरुस्त्या निमूटपणे अमलात आणणारा जुळारी पाहिजे. निर्णयसागरचे पुस्तक म्हटले की शास्त्री ते निःशंकपणे हाती घेत. १८९२ साली जावजी वारले तेव्हा महिना दोन रुपयांवर सुरू झालेल्या कामाने असा आकार घेतला होता.

आता मी ज्याला या इतिहासाचे मर्म समजतो ते सांगतो. जावजींनी नोकरीत जे केले त्याचा क्रम पाहिला तर तो असा दिसतो. घासणाऱ्याने ओतणे शिकले, म्हणजे आपल्या कामाच्या आधीची पायरी शिकली. ओतणाऱ्याने छापणे शिकले, म्हणजे नंतरची पायरी शिकली. छापणाऱ्याने वाचकाला काय हवे ते शिकून घेतले. उडी कोठेही नाही. प्रत्येक वेळी आपल्या शेजारच्या माणसाचे काम तेवढे समजून घेतले. नोकरी घडविणे ते हेच. साहेबाने नेमून दिलेल्या चौकटीला खिडकी पाडावयाची ती शेजारच्या खोलीत, एकदम आकाशात नव्हे.

येथे कोणी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. त्या छापखान्यात खिळे घासणारी पोरे इतरही असतील. ती सारी आळशी होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तीन गोष्टी जावजींच्या बाजूने होत्या. पहिली, धंदा नवा होता. तो कोणत्याही एका जातीच्या वहिवाटीचा नव्हता. सोनाराचे काम सोनाराने आणि तांबटाचे तांबटाने करावे असा जेथे दंडक, तेथे भंडारी गणपत कृष्णाजींना आणि मराठा जावजींना या नव्या धंद्याचे दार उघडे सापडले. जुन्या धंद्यांची दारे बुद्धी असूनही किती जणांना बंद होती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दुसरी गोष्ट, एकाच छपराखाली साऱ्या पायऱ्या दिसत होत्या. तिसरी, मालाला मागणी होती. यांतले एक जरी नसते तर मिरजेच्या तांबटाची गत मुंबईत झाली असती.

चौथीही एक गोष्ट आहे; ती म्हणजे वेळ. शिकावयाचे तर अंगात त्राण उरले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत, आठवड्याची सुटी ठरलेली नसे. अशा माणसाला ‘तू नवे काही शीक’ असा उपदेश करणे ही थट्टाच. हे ओळखणारा पुरुष नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी गिरणीत कोठीवरची नोकरी केलेली, कामगारांची दुःखे जवळून पाहिलेली. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले, १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या पुढे मांडल्या, आणि १८९० साली मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी आपण जे वर्ग भरवितो, जी पुस्तके वाचतो, त्यांच्या मुळाशी ही मागणी आहे. कसब वाढविण्याची गोष्ट बोलणाऱ्याने सुटीची गोष्ट विसरू नये. तसेच दहा वर्षांच्या मुलाला कारखान्यात पाठविणे हा आज गुन्हा आहे, आणि तो असावयासच हवा. जावजींचे अनुकरण करावयाचे ते त्यांच्या नजरेचे. त्यांच्या बालपणाचे नव्हे.

छापखान्याच्या या वाटेवरून आणखी एक माणूस पुढे गेला, आणि तो कोठल्या कोठे पोचला ते आपण जाणता. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला व छायाचित्रण शिकले. गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा केला. तेथे प्लेगने घर मोडले. पुराणवस्तू खात्यात नकाशे व चित्रे काढण्याची नोकरी केली, स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली. मग लोणावळ्याला ब्लॉक व छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीला गेले, आणि भागीदारांशी न पटल्याने तोही धंदा सोडला. चाळिशीतल्या या माणसाची तोवरची कारकीर्द पाहून कोणीही म्हणाला असता, ‘धड एक काही केले नाही.’ पण ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि हे सारे तुकडे एकत्र आले. चित्रकाराची दृष्टी, छायाचित्रकाराचे रसायन, छपाईवाल्याची यंत्रांशी ओळख. १९१२ साली ते विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला.

या गोष्टीतही एक नाव गाळले जाते. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले हे सर्व सांगतात, पण त्यांनी श्रम आणि कसबही दिले. फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती अंधारात धुणे ही कामे त्या शिकल्या. स्वयंपाकघर सांभाळून ही विद्या शिकणाऱ्या बाईला कोणी हुद्दा दिला नाही आणि पगारही दिला नाही. आपल्या घरांतून असे किती कसब बिनहुद्द्याचे राहिले असेल!

आणि फाळक्यांची अखेर सांगितल्यावाचून ही गोष्ट प्रामाणिक होणार नाही. १९३१ साली बोलपट आला. मूकपटाची सारी विद्या ज्याच्या हाती त्याच्या हातून धंदा निसटला. १९३७ साली त्यांनी एक बोलपट काढला, पण घडी पुन्हा बसली नाही. १९४४ साली नाशिकला ते ओढगस्तीतच वारले. ज्याने आयुष्यभर एकावर एक विद्या रचल्या त्यालाही काळाने मागे टाकले. तेव्हा कसब वाढविले की माणूस निर्धास्त झाला, असे वचन इतिहास कोणालाही देत नाही. त्याने एवढेच दिसते की ज्याच्यापाशी अनेक पायऱ्यांचे ज्ञान आहे त्याला उभे राहण्याची संधी अधिक वेळा मिळते. संधी मिळाली म्हणजे मूठभर धान्य मिळालेच असे नाही. पेरावयाला शेत मात्र मिळते.

हे सर्वांत कठोरपणे दिसले ते खिळ्यांच्या व्यवसायाच्या मावळतीला. देवनागरीचे शेकडो खिळे कमी करून यंत्रावर आणावेत, ही खटपट लोकमान्य टिळकांपासून चालू होती. १९३० नंतर देवनागरीची जुळणीयंत्रे आली, तरी लहान छापखान्यांतून हाताची जुळणी पुढे पन्नास वर्षे टिकली. मग १९८० नंतरच्या वर्षांत संगणक आला, आणि दहापंधरा वर्षांत खिळ्यांची घरे रिकामी झाली. शिसे वजनावर विकले गेले. डोळे मिटून कोणत्या घरात ‘ज्ञ’ आहे ते सांगणारे जुळारी एका फटक्यात अडाणी ठरले. तीस तीस वर्षे उभ्याने काम केलेली ही माणसे. त्यांचा दोष काय होता?

दोष नव्हता. पण त्यांतही दोन वाटा दिसल्या. ज्यांना खिळ्याचे घर ठाऊक होते पण मजकूर ठाऊक नव्हता, त्यांची विद्या पेटीबरोबर गेली. ज्यांना जुळणी करता करता शुद्धलेखन कळू लागले होते, पानाची मांडणी कळू लागली होती, ते मुद्रितशोधक झाले, पानांची आखणी करू लागले, काही जण चाळिशी ओलांडल्यावर संगणकापुढे बसले. खिळा गेला, अक्षर राहिले. ज्याचे कसब खिळ्याशी बांधलेले होते तो अडला. ज्याचे अक्षराशी बांधलेले होते त्याला पुढची वाट सापडू शकली. आपण करतो त्या कामातला खिळा कोणता आणि अक्षर कोणते, हे ज्याने त्याने वेळीच विचारून घ्यावे.

या अक्षराच्या मागे आयुष्यभर लागलेल्या माणसांत र. कृ. जोशी हे एक. १९३६ साली जन्मलेले हे सुलेखनकार आधी जाहिरातीच्या व्यवसायात होते, पुढे पवईच्या आय.आय.टी.मध्ये त्यांनी अक्षररचना शिकविली, आणि संगणकाचे युग आले तेव्हा बोरू बाजूला ठेवून ते कण्हत बसले नाहीत. बोरूचे वळण संगणकात कसे उतरेल याचा त्यांनी विचार केला. ‘मंगल’ नावाचा देवनागरी टंक त्यांनी घडविला. तो जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर पोचला. २००८ साली ते वारले. राणोजी आरूंनी पोलादावर जे केले तेच जोशींनी पडद्यावर केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. हत्यार बदलले. अक्षराचे पोट कोठे फुगावे आणि दांडा कोठे थांबावा, हे ज्ञान बदलले नाही.

श्रोतेहो, या इतिहासातून तरुणांनी काय घ्यावे? पहिली नोकरी हलकी आहे म्हणून खंत करू नये, आणि ती मिळाली म्हणून हुरळूनही जाऊ नये. ती हाती आल्यावर सहा महिन्यांच्या आत दोन गोष्टी माहीत करून घ्याव्या. आपल्याकडे येणारे काम आधी कोणाच्या हातून येते आणि आपल्या हातून गेल्यावर कोणाकडे जाते? त्या दोघांशी बोलावे, त्यांची अडचण समजून घ्यावी. कचेरीतल्या कारकुनाला हे लागू आहे, रुग्णालयातल्या परिचारिकेला लागू आहे आणि संगणकावर बसणाऱ्या मुलामुलींनाही लागू आहे. आज यंत्र स्वतःच मजकूर जुळवू लागले आहे, लिहूही लागले आहे. तेव्हा नेमून दिलेल्या एकाच पायरीवर बसून राहणे पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे झाले आहे.

पण माझे शेवटचे शब्द तरुणांसाठी नाहीत. ते या सभागृहातल्या ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांच्यासाठी आहेत. सरकारने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. पण उमेदवार ठेवणे वेगळे आणि त्याला शिकविणे वेगळे. आपल्या दुकानात, कारखान्यात, कचेरीत खिळे घासणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. त्याने मान वर करून शेजारचे काम पाहिले तर ‘तुझे काम कर’ म्हणून त्याला खाली बसवू नका. त्याला उभे राहून पाहू द्या, विचारू द्या, आठवड्यातून तासभर शेजारच्या कामाला हात लावू द्या. तो पुढे तुम्हांला सोडून जाईल ही भीती खरी आहे. जावजीही आपल्या धन्यांना सोडून गेले. पण ते गेले म्हणून त्या धन्यांचे किती नुकसान झाले ते आज कोणालाही ठाऊक नाही, आणि ते गेल्यामुळे मराठीचा आणि संस्कृतचा केवढा लाभ झाला ते ग्रंथालयांतली कपाटे सांगत आहेत.